चित्र कापून मिळणार नाही

अक्षया भाटकरच्या दुकानाच्या दारावर एक पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगाने लिहिलंय, 'चित्र कापून मिळणार नाही.' माझं शिवणाचं दुकान तिच्या भिंतीला लागून, त्यामुळे पाटी वाचून गोंधळलेलं गिऱ्हाईक आधी माझ्या दारात येतं. परवा एक म्हातारे गृहस्थ पासपोर्टचे फोटो हातात घेऊन उभे. "बाई, ती शेजारीण कापून देत नाय म्हणतेय, तुमची कात्री द्या बघू." मी कात्री दिली. त्यांना काय सांगणार, की त्या पाटीचा आणि पासपोर्टच्या फोटोंचा काही संबंध नाही, ती अक्षयाच्या चिमाकाकीमुळे लागली आहे. सांगायला बसलं तर वेळ लागतो. आज बसले आहे तर सांगते.

अक्षया आगरवाडीची. रत्नागिरीतून खाडीचा पूल ओलांडून गेलं की सुरूच्या झाडांआड ही वाडी लागते. सगळी वाडी रापणीवर जगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात गोल फिरवून टाकते, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून बायामाणसं ते वाळूवर ओढून आणतात. अक्षयाचे वडील दत्ताराम हे रापणीचे तांडेल. जाळं कुठे टाकायचं ते होडीत उभं राहून तेच ठरवतात. आई मासळीची पाटी घेऊन पहाटेच रत्नागिरीला यायची, म्हणून अक्षया वाढली ती चिमाकाकीच्या हाताखाली. चिमाकाकी तिच्या मोठ्या काकांची विधवा. पोरबाळ नाही. रापणीतून मिळणाऱ्या वाट्यावर काकीचं घर चाले, आणि अक्षयाच्या वह्यापुस्तकांचं बरंचसं त्यातूनच भागलं.

या वाट्याची रीत आधी सांगायला हवी. रापणीत ज्याचा हात दोरावर त्याला वाटा. मग तो पुढे गुडघाभर पाण्यात उभा राहून ओढणारा गडी असो, नाहीतर अगदी शेवटी, वर कोरड्या वाळूत, आलेला दोर धरून त्याचं वेटोळं घालणारी म्हातारी असो. मासळी ओतली की वाळूवर ढीग मांडतात. शेपटाकडच्या, म्हणजे दोराच्या या शेवटच्या टोकाच्या, बायकांचाही ढीग असतो. लहान असेल, पण असतो.

शाळा संपल्यावर अक्षया रत्नागिरीत एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे कामाला लागली. तिथे कॅमेरा धरायला शिकली, मोबाईलवर बघून बघून एडिटिंग शिकली, आणि मग माझ्या शेजारची खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. पोरगी बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "मनिषाताई, तुमच्या मशीनचा आवाज माझ्या लग्नाच्या सनईत येतो." मी म्हटलं, "मग सनई जरा मोठ्याने वाजव." तिथपासून आमचं जमलं.

एकदा ती पालीला गेली. कोल्हापूरचा कुणी कॅमेरावाला आपलं जुनं भिंग विकत होता, आणि दोघांनी मधल्या वाटेवर म्हणून पालीच्या स्टँडवर भेटायचं ठरवलं होतं. परत आली ती ओढणीत काहीतरी गुंडाळून, तान्हं मूल घेऊन एसटीतून उतरावं तशी.

"ॲनामॉर्फिक," म्हणाली.

मला तो शब्द पेलला नाही. मी आजही त्याला आडवं भिंग म्हणते. हातात घेतलं तर चांगलंच जड, आणि आत डोकावलं तर बाहुली गोल नाही, मांजराच्या डोळ्यासारखी उभी.

ते काय करतं ते तिने मला समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. परकराचा घेर मोठा असतो आणि कंबर लहान. तो घेर आपण चुण्या घालून नेफ्यात बसवतो. हे भिंग तसंच समोरचा रुंद देखावा दोन्ही बाजूंनी चुणून कॅमेऱ्याच्या लहान चौकटीत बसवतं. मग कॉम्प्युटरवर त्या चुण्या सोडायच्या, चित्र आडवं ताणायचं, की सगळा घेर मोकळा. पडद्यावर लांब पट्टीसारखं चित्र येतं आणि वर-खाली काळी जागा राहते. चुण्या सोडल्या नाहीत तर मात्र माणसं उंच आणि काटकुळी दिसतात.

"एवढा खटाटोप कशाला? साध्याच भिंगाने जरा मागे सरकून घे की," मी म्हटलं.

"मागे सरकलं की माणसांच्या मुंग्या होतात, ताई. मला माणसं माणसाएवढी हवीत आणि सगळी हवीत."

भिंग दुकानात आलं त्या दिवशी मी त्याची पूजा केली. हळदकुंकू लावू दिलं नाही तिने, फूल मात्र ठेवू दिलं. माझं तांब्याचं ताम्हन तिथेच होतं. तिने ते उचललं, खिडकीत उभं केलं आणि भिंगातून बघत बसली. समोरचं माणूस जवळ-लांब झालं की जुन्या भिंगाच्या चुण्या थोड्या कमी-जास्त पडतात म्हणे, त्यामुळे चुण्या किती सोडायच्या ते कळायला चित्रात एखादी गोल वस्तू लागते. ती वस्तू गोल दिसली की थांबायचं.

"हे मला द्या ना."

देवाचं भांडं कॅमेऱ्यासमोर धरायचं म्हणजे मला जरा जड गेलं. मग वाटलं, खरं काय दिसतं ते पारखायलाच तर मागते आहे. दिलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला कुणीतरी ताम्हन धरून उभं असतं.

गिऱ्हाइकं कुरकुरायची. खेडच्या एका वरबापाने फोन केला, "वर-खाली काळं काळं आहे, आमचा टीव्ही गेला काय?"

"टीव्ही चांगला आहे, काका. पंगत बघा," अक्षया म्हणाली.

त्यांनी पंगत बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवणारे होते, आणि वाढणारेही होते. खूश झाले. पण पुढच्या लग्नाला म्हणाले, या खेपेस ते काळं नको, कापून भरून दे. अक्षयाने ते लग्नच घेतलं नाही. मी म्हटलं, अगं, घरी आलेलं काम. तर म्हणाली, "काळं घालवायचं तर दोन्ही कडा जातात. वाढणाऱ्यांना कापायला सांगतायत ते." एवढं बोलून कानाला हेडफोन लावले. तिच्याशी वाद घालायची सोय नसते.

गेल्या मार्गशीर्षात रत्नागिरीत किनारा महोत्सव व्हायचा होता. तिथे मोठ्या पडद्यावर दाखवायला रापणीची फिल्म हवी होती. आगरवाडीच्या रापण मंडळाचा अध्यक्ष धाकूशेठ. जाळं त्याचं, होडीही त्याची. त्याने अक्षयाला बोलावलंन आणि चारचौघांत सांगितलंन, "आमच्या वाडीची पोर आहे, तीच काढील." तिलाही बरं वाटलं.

पण त्याच महिन्यात धाकूशेठने आणखी एक गोष्ट केली. मासळी कमी झाली होती. बाहेरच्या मोठ्या बोटी दिवे लावून समुद्र खरवडून नेतात, हे खोटं नाही, आणि वाळूवरचे ढीग लहान होत चालले होते हेही खोटं नाही. देवळातल्या बैठकीत तो म्हणाला, "शेपटाकडच्या बायकांचा वाटा आता बंद. त्या काय, नुसत्या उभ्या असतात. म्हाताऱ्या आहेत, उपाशी नाय ठेवणार. धर्म म्हणून मूठभर देऊ."

गड्यांनी माना खाली घातल्या. दत्ताराम तांडेलही खाली बघत बसले, कारण तांडेल झाला तरी जाळं दुसऱ्याचं. अक्षया उठायला गेली, तर चिमाकाकीनेच तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"गप गो बाय. खराच तर बोलतोय तो. आमी नुसत्या उभ्याच तर असतो."

दुसऱ्या दिवशी अक्षया दुकान उघडायच्या आधी माझ्याकडे आली. माझ्या कापडावर दोन्ही हात आपटून म्हणाली, "वाटा गेला ते गेलाच. पण काकीला स्वतःलाच पटलंय, ताई! तिने स्वतःला दोर धरताना कधी बघितलंय कुठे?"

शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्यावर छत्री धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. तिने तिवई दोराच्या बाजूला अशी लावली की डावीकडे पाण्यातले पुढचे गडी आणि उजवीकडे सुरूच्या झाडांखालच्या बायका, दोन्ही टोकं एकाच चौकटीत येतील. धाकूशेठ पांढराशुभ्र शर्ट घालून मधोमध उभा राहिला, दोराला एक हात लावून.

"धाकूकाका, ओढा तरी!" अक्षया ओरडली.

"ओढतोच आहे!"

"मग दोराला कळू दे!"

गडी हसले. धाकूशेठने दुसरा हात लावला.

"काकी, ताम्हन घे."

चिमाकाकी मधे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताम्हन छातीशी धरून देवळात उभी राहावी तशी उभी राहिली.

"हसू काय गो?"

"हस नायतर रड, पण ताम्हन हलवू नको."

मग काकी ताम्हन काखेत मारून दोराच्या कडेकडेने चालत शेपटाकडे आपल्या जागी गेली आणि तिने दोर धरला. अक्षयाने तेवढा वेळ कॅमेरा थांबवला नाही. मी विचारलं, हे चालणं कशाला घेतेस? ती म्हणाली, "मधे थांबवलं तर उद्या कुणीही म्हणेल, हे वेगळ्या वेळचं जोडलंय."

जाळं आलं. मासळी मांडून झाली. चिमाकाकी आणि तिच्याबरोबर शेपटाला असणारी सखू, दोघींनी धाकूशेठच्या हातून मूठमूठभर मांदेली पदरात घेतली. अक्षया ते बघत तिवई मिटत होती.

तेवढ्यात सगळी वाडी तिच्यामागे लागली, काय काढलंस ते दाखव. ती म्हणत होती, आत्ता नको, अजून चित्राच्या चुण्या सोडायच्या आहेत. ऐकतं कोण? शेवटी तिने मंडळाच्या खोलीतल्या टीव्हीला कॅमेरा तसाच जोडला. तिथे ती चुकली. चुण्या घातलेल्या होत्या तशाच राहिल्या आणि पडद्यावर सगळी आगरवाडी माडासारखी उंच आणि काडीसारखी बारीक उभी राहिली.

"अगो बाय, ही मी?" सखू किंचाळली. "सुकवलेला बोंबील केलंन माझा!"

"धाकूशेठ बघा, धाकूशेठ! अगरबत्तीची काडी!"

लोक हसून लोळले. धाकूशेठ हसला नाही. ज्या पोटावर तो सदा हात फिरवतो ते पोटच पडद्यावर नव्हतं.

"हे असला दाखवणार तू महोत्सवात?"

"नाही काका, कॉम्प्युटरवर नीट होतं ते. आडवं ताणायचं असतं."

"म्हणजे आज बारीक केलंस, उद्या ताणून जाडा करशील. मग ह्यातला खरा काय नि खोटा काय?"

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. अक्षया ताम्हनाचं सांगायला गेली तोवर तो चपला घालून निघाला होता. आणि वाडीत बोललं जाऊ लागलं, की दत्तारामच्या पोरीचं भिंग खोटं आहे.

पुढे ती त्या चित्राच्या चुण्या सोडायला बसली तेव्हा मी मशीन बंद करून शेजारी जाऊन बसले. पडद्यावर काकीच्या हातातलं ताम्हन अंड्यासारखं उभं होतं. अक्षया हळूहळू चित्र ताणत गेली. अंडं रुंद होत होत ताम्हन झालं, आणि काकीचं तोंड काकीचं झालं. "बस," मी म्हटलं. पोलक्यांचे गळे कापून कापून माझ्या डोळ्याला गोल कळतं.

मग ती फिल्म पुढे सरकली. दोर येत होता, गडी ओढत होते, एका हौशाने होऽ म्हणून आरोळी दिली. आणि एक मोठी लाट मागे फिरली. जाळ्याने दोर समुद्राकडे खेचला. डावीकडे पुढचे गडी पाण्यात घसरायला लागले. मधोमध धाकूशेठचा हात सुटला. आणि त्याच वेळी उजवीकडे चिमाकाकी आणि सखू मागे रेलल्या, टाचा वाळूत रोवून, पाठ जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत. दोर काठीसारखा ताठ झाला आणि थांबला. तेव्हा कुठे गड्यांचे पाय खाली टेकले.

अक्षयाने ते परत लावलं.

"एकाच चौकटीत आहे," ती म्हणाली. "आधी गडी, मग म्हाताऱ्या असं कापून जोडलं असतं, तर धाकूकाका म्हणाला असता, म्हातारी केव्हातरी उगाच बसली होती वाळूत."

महोत्सवाच्या मांडवाची झालर मी शिवली होती, ती लावायला मी दुपारी तिथे होते. फिल्मची चाचणी चालू होती. पडद्याचं काम शुभंकर नावाच्या मुलाकडे होतं, बोलायला गोड. अक्षयाची फिल्म लागली, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. शुभंकरने कुठलंतरी बटण दाबलं आणि पट्ट्या गेल्या. चित्र फुगून पडदाभर झालं. मधोमध धाकूशेठ, पोटासकट.

"वा! आता कसा!" धाकूशेठने टाळी वाजवली.

अक्षया पडद्याकडे बघत राहिली. "काकी कुठे गेली?"

"कोण काकी?" शुभंकरने विचारलं.

"दोराच्या टोकाची."

"ती जरा कडेला होती, ताई. पडदा भरायचा तर दोन्ही बाजू थोड्या जातातच. मेन गोष्ट आली आहे सगळी."

"मग तो दोर कुठे चाललाय? त्याचं टोक कुणाच्या हातात आहे?"

शुभंकरने बघितलं. दोर पडद्याच्या कडेपर्यंत जाऊन नाहीसा होत होता. "कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही," तो जरा हळू आवाजात म्हणाला.

"माझ्या आलं. पट्ट्या परत आणा."

"अक्षया, नाटका नकोत," धाकूशेठ मधे पडला. "मोठे पाहुणे येणारत. त्यांनी काय काळ्या पट्ट्या बघायच्या? आणि ती म्हातारी थाळी धरून उभी आहे, तीपण काढून टाक सुरुवातीची. आरती आहे काय?"

"धाकूकाका, ज्याचा हात दोरावर त्याला वाटा. वाळूवरचा तुम्ही बंद केलात, तिथे मला कुणी विचारलं नाही. पडद्यावरचा माझ्या हातात आहे. दाखवायची तर पूर्ण दाखवायची."

"नायतर?"

"नायतर नाही."

"मग नाय!"

"नाही तर नाही," म्हणून तिने स्वतः जाऊन पेनड्राइव्ह उपसला. पडदा निळा झाला. शुभंकर म्हणत होता, ताई, एवढी मोठी संधी आहे, हजारो लोक बघतील. ती म्हणाली, "बघू देत की. अख्खं बघू देत." त्या संध्याकाळी तिच्या फिल्मच्या वेळेला कसलेतरी नाच दाखवले म्हणे.

रिक्षातून परत येताना ती पेनड्राइव्ह मुठीत धरून बाहेर बघत होती. मला वाटलं, आता रडेल. तर जयस्तंभाचा चौक मागे पडल्यावर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे मांजरपाट किती आहे?"

"कशाला?"

"पडद्याला चित्र बसत नाही ना. मग चित्राला बसेल असा पडदा करू."

मांजरपाटाचे दोन पन्हे मी लांबीत एकमेकांना जोडले. मधली शिवण दुमडून इतकी चपटी घातली की सावली पडू नये. वर दोरी ओवायला नेफा केला. तिने सांगितलं तेवढीच उंची, तेवढीच लांबी, बोटभरही जास्त नाही. एवढं लांब आणि बुटकं काही मी आजवर शिवलं नव्हतं. शिवून झाल्यावर घडी देवासमोर ठेवली आणि मग तिच्या हातात दिली.

आगरवाडीत जाळी वाळत घालायचे खांब आहेत. त्यातल्या दोन खांबांना दिवेलागणीला आम्ही तो पडदा बांधला. लग्नात लावते तो प्रोजेक्टर अक्षयाने आणला होता. वाडी जमली. खोट्या भिंगातून आता काय निघतं ते बघायला जास्त जमली असावी. धाकूशेठही आला. खुर्ची मागवलीन आणि सगळ्यांच्या मागे बसला.

चित्र पडलं ते कापडाच्या चारही कडांना भिडलं. कुठे काळं नाही. मधोमध चिमाकाकी, ताम्हन धरून.

"ह्या भिंगाचा काय खरा नाय!" मागून धाकूशेठ ओरडला. "परवा काडी केलीन माणसाची, आता ताणून आणलंन! उद्या म्हशीचा हत्ती करील!"

अक्षयाने चित्र तिथेच थांबवलं. "ताम्हन कसं दिसतंय, काका?"

"कसा म्हणजे?"

"गोल दिसताय मेल्या, तुला डोळे नायत काय?" सखू पुढूनच म्हणाली. ती धाकूशेठला लहानपणापासून ओळखते, तिला कसली भीड.

"ताम्हन गोल आहे, म्हणजे माणूसही आहे तसाच आहे," अक्षया म्हणाली. "तेवढंच ताणलंय. आणि तुमचं पोट बघा, जाग्यावर आहे."

हशा झाला. तो विरायच्या आत तिने फिल्म पुढे सोडली. काकी ताम्हन काखेत मारून चालत गेली, आपल्या जागी पोचली, दोर धरला. मधे कुठेही चित्र तुटलं नाही. दोर येत राहिला. मग ती लाट मागे फिरली. गडी घसरले. शेपटाकडे दोन म्हाताऱ्या मागे रेलल्या आणि दोर थांबला.



"परत लाव," कुणीतरी म्हणालं. तो रितेश होता, सगळ्यात पुढे पाण्यात उभा राहणारा दांडगा गडी. तिने परत लावलं. त्याने परत बघितलं आणि आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "आयला. मला वाटायचा मी माझ्या पायांनी थांबतो."

चिमाकाकी उठली. पडद्याजवळ गेली, तशी तिची सावली कापडावर पडली, म्हणून जरा बाजूला सरकली. थांबलेल्या चित्रात वाळूत रुतलेल्या टाचा होत्या, तिथे तिने बोट लावलं.

"ह्या टाचा माझ्या?"

"तुझ्याच."

"तरीच मेल्या ठणकतात," काकी म्हणाली. मग बराच वेळ ती तिथेच उभी होती. कुणी तिला बस म्हणालं नाही.

मला परतायला गाडी नव्हती, मी तिथेच राहिले. सकाळी रापण होती. अक्षयाने कॅमेरा घरीच ठेवला आणि शेपटाला काकीच्या मागे दोर धरला. मलाही म्हणाली, बघत काय उभ्या राहताय, ताई? मीही धरला. लाट मागे फिरली की तो दोर हातातून असा काही खेचतो की दंड खांद्यातून निघतो की काय वाटतं. चित्रात ते कळत नाही.

मासळी ओतली. त्या दिवशी बांगडा बरा लागला होता. ढीग मांडले गेले. धाकूशेठ मूठ भरून शेपटाकडे आला आणि म्हणाला, "चिमावैनी, पदर धर."

चिमाकाकीने पदर कमरेला खोचला. दोराच्या वेटोळ्यापर्यंत चालत गेली आणि त्याच्यावर बसली. सखू तिच्या शेजारी बसली.

"हे काय?"

"वाटा मांड," काकी म्हणाली.

"वैनी, उठ. होडी परत जायची आहे, दोर पायजे."

"वाटा मांड, मग उठते."

"बरा, दोन मुठी घे."

"धर्माचा देवळात दे. हिता वाटा मांड."

धाकूशेठने पुढच्या गड्यांकडे बघितलं. दोन म्हाताऱ्यांना उचलून बाजूला ठेवणं काही अवघड नव्हतं. रितेश वाळूत बसला. त्याचं बघून बाकीचेही बसले, कुणी विडी काढली, कुणी समुद्राकडे तोंड केलं. पाणी ओसरत होतं आणि होडी तशीच उभी होती.

"जाळा माझा आहे!" धाकूशेठ म्हणाला.

"जाळा तुझाच आहे रे," काकी म्हणाली. "आणि टाचा माझ्या."

मग होडीजवळून दत्ताराम तांडेल आले. मुलीकडे बघितलं नाही, धाकूशेठकडेही नाही. मोठ्या ढिगापाशी वाकले, दोन्ही हातांनी बांगडे उपसून वेगळे ठेवले, परत उपसले, परत ठेवले. शेपटाचा ढीग जिथे पूर्वी असायचा, त्याच जागी. धाकूशेठ उभा होता. हातातली मूठ तशीच होती, ती कुठे टाकावी ते त्याला कळेना.

काकीने ढीग बघितला.

"लहान आहे," म्हणाली.

दत्तारामांनी आणखी एक बांगडा त्यावर ठेवला. तेव्हा ती उठली आणि तिने दोर सोडला.

धाकूशेठ त्यानंतर अक्षयाशी बोलत नाही. पण ढीग मांडला जातो. महोत्सववाल्यांचं यंदा परत विचारून झालं, थोडं कापून चालेल का म्हणून, आणि त्याच दिवशी तिने पाटी रंगवायला टाकली.

त्या सकाळी ढिगाचे वाटे झाले तेव्हा चिमाकाकीने दोन बांगडे पानात बांधून माझ्या पिशवीत टाकले. माझा सोमवार होता. सोमवारी मी मासळीला हातही लावत नाही, हे अक्षयाला माहीत आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काकी म्हणाली, "हात होता दोरावर तुझा."

मी पिशवीचं तोंड बांधलं आणि घेऊन आले.